शेगड्याचे ओठ

"हे काय रे, उंदीर लागला होता का याला?"

आईने चौरंग उलटा करून बघितला आणि पहिला प्रश्न हा विचारला. मी केलेला पहिला चौरंग, गणपतीसाठी, दोन महिन्यांचे शनिवार-रविवार घालून, वरची फळी एकदम गुळगुळीत, पायांना हळूहळू रंधा मारून दिलेला उतार, आणि तिचं बोट गेलं ते बरोब्बर पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी बघणार नाही असं मी धरून चाललो होतो. चारही पायांवर बारीक दातांच्या ओळी. मी म्हटलं अगं उंदीर नाही, वाइसच्या खुणा आहेत त्या, लाकूड पक्कं धरावं लागतं ना काम करताना. ती म्हणाली, "धरलंय का चावलंय?" आणि गेली आत.

वर कापड घातल्यावर कुणाला काही दिसलं नाही. मला दिसत होतं. पाच दिवस आरतीला उभा राहिलो तरी नजर चौरंगाच्या पायांवरच.

वाइसला, म्हणजे काम करताना वस्तू दोन जबड्यांत पकडून ठेवणाऱ्या अवजाराला, पुस्तकी मराठीत शेगडा म्हणतात. आमच्या टेक्निकलच्या पुस्तकात तोच शब्द होता आणि वर्गात कोणीच तो वापरत नव्हतं, सरसुद्धा नाही. मला मात्र हल्ली आवडायला लागलाय, शेगडा म्हटलं की कसं एखादं आडदांड जनावर डोळ्यासमोर येतं. माझा शेगडा पुण्याच्या जुन्या बाजारातला. बुधवारी आणि रविवारी भरतो तो, मी रविवारी गेलो होतो नळाची एक जुनी तोटी शोधायला आणि सायकलींच्या चेनांच्या ढिगाखाली हा पडलेला दिसला. सात इंची, ओतीव लोखंडाचा, सुतारी वाइस. विक्रेता चौदाशे म्हणाला, नऊशेला दिला, आणि देताना असं तोंड केलं की मला घरी येईपर्यंत वाटत होतं त्याचीच लूट झालीय. पोत्यात घालून स्कूटरच्या पायाशी ठेवून आणला.

सुतारी वाइस आणि फिटरचा वाइस यांत फरक असतो, आणि ज्याने इंजिनिअरिंगचं फर्स्ट इयर केलंय त्याला तो माहीत असतो किंवा निदान तेव्हा तरी होता. फिटरचा वाइस कामाच्या बाकाच्या वर बसतो, त्याच्या जबड्यांना मुद्दाम आडवे-तिडवे दाते पाडलेले असतात, कारण त्याला लोखंड धरायचंय. सुतारी वाइस बाकाच्या कडेला, खालून लटकवलेला असतो, त्याचे जबडे रुंद आणि सपाट असतात. माझ्या वाइसचे जबडेही सपाटच होते मूळचे. पण वरच्या कडेवर आधीच्या कुठल्यातरी मालकाने हयगयीने करवत चालवलेली, एकदा नाही, वर्षानुवर्षं, त्यामुळे कडेला बारीक दातेरी नक्षी पडली होती. उंदीर तो.

पण सगळा दोष आधीच्या मालकावर ढकलणं बरोबर नाही. कारण दुसरा भाग माझा आहे. मी आवळतो. म्हणजे सगळंच जास्त आवळतो. नळ आवळतो, मग सकाळी बायको हाक मारते, "अहो, हा तुम्हीच बंद केलेला दिसतोय." लोणच्याची बरणी, गाडीची पेट्रोलची टोपी, पाण्याची बाटली, काहीही. मुलगी लहान असताना तिच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या की शाळेत बाई सोडायच्या. कशामुळे ते मला माहीत नाही. सुटेल अशी भीती असावी बहुतेक.

आणि अशा माणसाच्या हातात वाइसची दांडी म्हणजे काय ते मी एकदा बसून कागदावर काढलं. माझ्या वाइसच्या स्क्रूची पीच साधारण ६ मिमी, म्हणजे दांडी एक पूर्ण फेरा फिरली की जबडा ६ मिमी पुढे सरकतो. दांडी एका बाजूला पूर्ण ओढून टोकाला धरली तर मध्यापासून हाताचं अंतर २०० मिमी, म्हणजे एका फेऱ्यात हात १२५६ मिमी फिरतो. भागाकार केला तर २०९ पट. अर्थात हे कागदावरचं, चौकोनी आट्यांच्या स्क्रूमध्ये बरंचसं बळ घर्षणात जातं, तीन चतुर्थांश गेलं असं धरलं तरी पन्नास पट उरतं. मी दहा किलोच्या जोराने दांडी दाबली (आणि मी त्याहून जास्त दाबतो हे वर आलंच आहे) तर जबड्यांमध्ये पाचशे किलो. आता हे पाचशे किलो दोन सपाट जबड्यांवर पसरले तर ठीक, पण ते जर एका करवतीने खाल्लेल्या कडेवर आले तर चौरंगाचा पाय काय करेल बिचारा.

लाकूड किती कडक हे मोजायची एक पद्धत आहे, गाब्रिएल यांका नावाच्या माणसाने १९०६ च्या सुमारास काढलेली. ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी घ्यायची आणि ती निम्मी आत रुतेपर्यंत लाकडात दाबायची, जेवढा जोर लागला तेवढा त्याचा कडकपणा. व्यास असा विचित्र का, तर त्या खळग्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ बरोबर १ चौरस सेंटिमीटर यावं म्हणून. सागवानाला त्यासाठी साधारण ४८० किलो लागतात. म्हणजे माझ्या बाल्कनीत, चहा पिता पिता, एका हाताने दांडी आवळून मी सागात गोळी निम्मी घुसवू शकतो. हे कळल्यावर आधी मला उगाच अभिमान वाटला आणि मग चौरंग आठवला.

कॉलेजात कार्पेंटरी शॉपमध्ये आम्हाला टी-लॅप जॉइंट, म्हणजे खाचा पाडून टीसारखी जोडलेली दोन लाकडं, करायला दिला होता. निळा बॉयलर सूट, सगळ्यांच्याच खिशात मोडलेली पेन्सिल, आणि भुश्श्यात लपवून ठेवलेले मित्रांचे जॉब, म्हणजे करायला दिलेले तुकडे. माझ्या जॉबवर तेव्हाही दाब पडले होते. मी भुस्सा आणि गम कालवून त्यात भरला आणि पॉलिश पेपर मारला, इन्स्ट्रक्टरांनी जॉब हातात घेतला, अंगठा फिरवला, बरोबर तिथेच थांबला. काही बोलले नाहीत. खाली पडलेले लाकडाचे दोन गुटके उचलून माझ्या हातात दिले, "हे लाव मधे दोन्ही बाजूंनी." झालं. एवढंच शिक्षण. तेव्हापासून वाइस म्हटलं की दोन गुटके, एक इकडे एक तिकडे, आणि तिसऱ्या हाताने जॉब. तिसरा हात नसल्यामुळे दर वेळी एक गुटका पायावर पडतो. चौरंगाच्या वेळी मी या गुटक्यांना कंटाळलो होतो हे खरं कारण.

यावर उपाय जगजाहीर आहे आणि जुना आहे, तो म्हणजे गुटके कायमचे बसवून टाकायचे. जबड्यांना लाकडी पट्ट्या लावायच्या. नव्या वाइसच्या जबड्यांना बहुतेक वेळा त्यासाठीच भोकं दिलेली असतात, म्हणजे कारखान्यालाही माहीत असतं की हे असं नागडं लोखंड वापरायचं नाहीये. आपण मात्र पुठ्ठ्याचं खोकं फोडतो आणि सुरू करतो.

मी पहिल्यांदा पट्ट्या चिकटवल्या. १२ मिमी प्लायचे दोन तुकडे, लोखंडावर लाकडाचा पांढरा गम, रात्रभर आवळून ठेवले (आवळायला मला काय लागतं), सकाळी वाइस उघडला तर दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटून खाली पडले. तो गम लाकडाच्या रंध्रांत शिरून धरतो, लोखंडाला रंध्रं कुठली. हे मला माहीत होतं. माहीत असून केलं.

मधे काही दिवस सायकलची ट्यूब कापून जबड्यांवर चढवली होती. धरत छान होती. पण शिवणीच्या पांढऱ्या लाकडावर काळे पट्टे उमटले आणि ते घासून जाईनात, मग ट्यूब गेली.

नंतर सागाच्या पट्ट्या केल्या आणि त्या मात्र मी जीव लावून केल्या. इतका की त्यांना लॅकरचे तीन हात दिले. समोरून चार स्क्रू मारले, पितळी, चकचकीत, डोकी जेमतेम लेव्हलला. दिसायला असं सुंदर झालं की फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, काकूने "छान आहे, कशाचं आहे?" असं विचारलं. पहिलीच फळी धरली, रंधा मारला, फळी सरकली. लॅकरवर लाकूड घसरतं, साधी गोष्ट, पाटावर पाट ठेवला तरी कळतं. म्हणून अजून आवळलं. मग पट्टी थोडी दबली, स्क्रूची डोकी मात्र दबली नाहीत, ती वर आली, आणि फळीवर चार गोल गोल शिक्के. आधी उंदीर होता, आता पोस्ट ऑफिस. वर आणखी एक गंमत म्हणजे पट्टी मी जबड्याच्या उंचीइतकीच ठेवली होती, त्यामुळे कडेवरून रंधा फिरवताना तो जरा खाली गेला आणि थेट लोखंडावर. कर्र. पात्याला दोन खांडं पडली, ती घासून काढायला दीड तास.

त्याच आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावर किचनचं काम निघालं होतं. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे, तीस वर्षं पुण्यात, हाताखाली दोन पोरं, सगळं काम मशीनवर. लिफ्टपाशी गाठ पडली, मी म्हटलं मिस्त्री जरा वर येऊन बघता का, दोन मिनिटं. ते आले, बाल्कनीतला बाक बघितला, दांडी एकदा फिरवली, पट्टीवर नख घासलं.

"साहेब, हे पॉलिश कशाला केलं?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"कुणाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग ते खाली बसले. मी स्टूल पुढे केलं, ते नको म्हणाले, आणि मांडी नाही, उकिडवे, उजवा पाय जरा पुढे काढून. कोपऱ्यात पडलेला एक तुकडा घेतला, डाव्या पायाच्या टाचेखाली त्याचं एक टोक, दुसऱ्या टोकाला उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट असं चिमट्यासारखं, आणि माझी पटाशी घेऊन सरळ स्वतःच्या पायाच्या दिशेने एक साल काढली. "आम्ही हे असं शिकलो. वाइस कुणाच्या बापाकडे होता?"

मला एकदम आजोळ आठवलं. सातारा जिल्ह्यात आईचं गाव, तिथे सुतारमेटावर सुतारमामा बाभळीचा ओंडका पायाने धरून वाकसाने तासायचे, कुळवाची दांडी वगैरे, आणि वाकस दर घावाला अंगठ्याच्या इतक्या जवळ येऊन थांबायचा की आम्ही पोरं श्वास धरून बसायचो. आपल्याकडची सुतारकी मुळात जमिनीवरची. पाय हाच शेगडा. उभ्याने काम करायचा उंच बाक, त्याला लटकवलेला लोखंडी स्क्रूचा वाइस, हे सगळं साहेबाच्या वर्कशॉपमधून, रेल्वेच्या कारखान्यांतून आणि टेक्निकल शाळांमधून आलं. मुंबईत व्हीजेटीआय १८८७ ची, तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होतं, अशा ठिकाणी मुलं पहिल्यांदा उभं राहून रंधा मारायला शिकली असणार. उभ्याने कंबर वाचते, जोर जास्त लागतो, मी काही जमिनीवर जायचं म्हणत नाहीये, माझे गुडघे त्या लायकीचे नाहीत. पण एक गोष्ट पायाकडे आहे आणि लोखंडाकडे नाही. पायाला कातडी आहे. किती दाबलं ते अंगठ्याला कळतं, लाकूड दुखावण्याच्या आधी अंगठाच दुखतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे माझ्या हाताला कळत नाही, पन्नास पटीत सगळी खबर हरवून जाते.

मिस्त्रींना मी विचारलं, मग शिसमाच्या पट्ट्या लावू का, जास्त कडक, दबणारच नाहीत. ते हसले. "पट्टी दबली नाही तर जॉब दबेल ना. दोघांतलं एक दबणारच. तुम्हाला काय दबलेलं पाहिजे?" मी आजवर जेवढे व्हिडिओ बघितले होते त्यात कडक लाकूड, टिकाऊ लाकूड, विलायतेत बीच नावाचं लाकूड वापरतात आणि बीच सागापेक्षा बराच कडक, आपल्याकडे टिंबर मार्केटला स्टीम बीच मिळतं ते आणावं का, असलं सगळं डोक्यात भरलेलं. माझं आता मत असं झालंय की आपण बहुतेक साग, शिवण, आंबा, पाइन असल्या लाकडांवर काम करतो, तर पट्टी सागाची किंवा त्याहूनही मऊ, आंब्याची चालेल, खराब झाली की बदलायची. शिसमाची पट्टी ही दाखवायची गोष्ट आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी शिसम लावावं, आणि आंब्याचा पाट करून बघावा.

लाकूड मी परत जुन्या बाजारातूनच आणलं. पेठांमधले वाडे पडतात तेव्हा त्यांचं लाकूड कुठे कुठे पांगतं त्यातला एक रस्ता तिकडे येतो. कडीपाटातली एक फळी मिळाली, धुराने काळी झालेली, तिच्याखाली किती पिढ्यांनी पंगती उठवल्या असतील कोण जाणे. रंध्याचा पहिला हात मारला आणि आतून तो सोनेरी रंग आला, वास आला, शंभर वर्षांनंतरसुद्धा तेलकट तजेला असतो सागात. दुसऱ्या हाताला खिळा लागला. आत मोडून राहिलेला, भोवती लाकूड निळं-काळं झालेलं, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात भेटले की असा शाईसारखा डाग पडतो. (नागड्या जबड्याचं हेही एक दुखणं, पावसाळ्यात लाकूड रात्रभर वाइसमध्ये राहिलं तर सकाळी काळी रेघ.) पातं पुन्हा गेलं. सागात सिलिका असते, त्यामुळे खिळा नसता तरी पातं लवकर बोथट होतंच, पण खांड पडणं वेगळं. परत दीड तास.

दोन पट्ट्या कापल्या, २५० मिमी लांब, ९० उंच, २० जाड. जबडा सात इंच म्हणजे १७८ मिमी, पट्टी दोन्हीकडे साडेतीन सेंटिमीटर बाहेर. रेषा लांबीच्या दिशेने आडव्या, कारण लाकूड ओलं-सुकं होताना रुंदीत हलतं, लांबीत जवळपास नाहीच. मग वाइस पूर्ण उतरवला. हे मी आधीच्या दोन्ही वेळेला टाळलं होतं, जड आहे म्हणून, आणि खरं काम तिथेच होतं. माझा बाक म्हणजे १९ मिमीच्या दोन प्लाय चिकटवून केलेला ३८ मिमीचा टॉप. वाइस आणि टॉप यांच्यामध्ये एक ठोकळा घालून वाइस असा खाली उतरवला की लोखंडाची वरची कड बाकाच्या १२ मिमी खाली राहील. वरचे १२ मिमी फक्त लाकूड. आता रंधा घसरला तरी सागावर घसरेल. आणि मागचा जबडा बाकाच्या कडेत खाच पाडून आत ढकलला, म्हणजे मागची पट्टी बाकाच्या कडेशी बरोबर एका रेषेत आली आणि लांब फळी तिरपी न होता सरळ टेकते.

बोल्टची मात्र मजा झाली. पुढच्या जबड्याला दोन आरपार भोकं होती, मागच्याला आटे पाडलेली दोन. मी ६ मिमीचा बोल्ट लावला, दोन फेरे गेला आणि अडकला. मी अर्थातच अजून आवळायला गेलो. आणि कसं कोण जाणे, थांबलो. बोल्ट काढून त्याच्या टोकाला बघितलं तर आटे चेपायला लागले होते. दुसऱ्या दिवशी रविवार पेठेत बोहरी आळीत एका दुकानात तो बोल्ट दाखवला, शेठनी नुसतं बघून सांगितलं, "हा नाही चालणार, तुमचा दोन सुती आहे." आठ सुतांचा एक इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. जुना व्हिटवर्थ आटा, इंचाला २० फेरे, म्हणजे पीच १.२७ मिमी, आणि माझ्या मेट्रिक बोल्टची १ मिमी. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये हे आटे ठरवून दिले, आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा, आणि तरी मी २०२० च्या पुढच्या एका सोमवारी बोहरी आळीत उभा राहून सूत मोजत होतो. शेठनी दोन बोल्ट दिले, चपट्या डोक्याचे, काउंटरसिंकवाले. पैसे घ्यायला विसरले आणि मग आठवून वीस रुपये घेतले.

मागची पट्टी त्या बोल्टने, डोकी चांगली ६ मिमी आत बुडवून. पोस्टाचे शिक्के परत नकोत. पुढच्या पट्टीला समोरून काहीच नाही, जबड्याच्या बाहेरच्या अंगाने स्क्रू घालायचे म्हणजे धरण्याची बाजू स्वच्छ राहते. ओतीव लोखंड १० मिमी, स्क्रू २५ मिमी, म्हणजे लाकडात १५ जाणार आणि पट्टी २०, पाच मिमी शिल्लक, हे मी तीनदा मोजलं. पट्टी जागेवर धरून खूण कशी करायची हा प्रश्न होता, तिसरा हात परत. मग लक्षात आलं की वाइस आहे ना. पुढची पट्टी मागच्या पट्टीला लावून वाइसच मिटला, हलका, आणि त्याने आपली पट्टी आपणच धरली, मी मागून भोकांतून आरामात खुणा केल्या. ३ मिमीने भोकं पाडली, स्क्रूला अंगाचा साबण चोळला. साबण मिस्त्रींनी सांगितला होता, सुक्या सागात स्क्रू नाहीतर मधेच मान टाकतो.

संध्याकाळी मिस्त्री काम संपवून जाताना मुद्दाम वर आले. कपाटावरचा सकाळचा पेपर घेतला, दोन पट्ट्या फाडल्या, एक जबड्यात वरच्या कडेला, एक खालच्या अंगाला, वाइस मिटला, आणि दोन्ही ओढून बघितल्या. खालची अडकली, वरची सुटून आली. "उलटं आहे साहेब. वर आधी भेटलं पाहिजे." वाइस आवळला की पुढच्या जबड्याचं वरचं टोक किंचित बाहेर रेलतं, जोर खाली स्क्रूपाशी असतो म्हणून. म्हणून चांगल्या वाइसचे जबडे मुळातच थोडे वरून आत झुकवलेले असतात, मोकळे असताना फक्त वरच्या कडा भेटतात, आवळलं की सगळा जबडा सपाट टेकतो. माझ्या म्हाताऱ्या वाइसची ती झुक झिजून गेली होती. पट्टी परत काढली, खालच्या बाजूने रंध्याने उतरती केली, वर शून्य आणि खाली मिलिमीटरभर कमी. मग परत पेपर. वरची अडकली, खालची सुटली. थोडं आवळलं, दोन्ही अडकल्या. मिस्त्रींनी चहा घेतला, दाराशी पोचल्यावर म्हणाले, "आता पॉलिश नका मारू." मारलं नाही. थोडं जवसाचं तेल फडक्याने, तेही पाठीमागच्या बाजूला, ओलाव्यासाठी.

याला आता दीड वर्ष झालं. पहिल्या जुलैत पट्ट्या फुगून बाकाच्या वर अर्धा मिमी आल्या, मी त्या बाकाबरोबर तासल्या, आणि जानेवारीत त्या तेवढ्याच खाली गेल्या. पुढच्या पावसाळ्यात नाही तासल्या. एका कडेला छोटी वस्तू धरली की जबडा तिरका होतो, त्यासाठी दुसऱ्या कडेला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालावा लागतो, म्हणजे गुटका काही पूर्णपणे सुटला नाही आयुष्यातून. पुढच्या पट्टीवर मी मधोमध इंग्रजी व्हीसारखी एक आडवी आणि एक उभी खाच पाडून घेतली, गोल वस्तूंसाठी, ती फार उपयोगी पडते.

आणि पट्ट्यांवर खुणा पडल्या. भरपूर. मला त्या वाचता यायला लागल्यात. हा चौकोन म्हणजे शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्याचा खांब. ही तिरकी ओळ मुलीच्या आर्किटेक्चरच्या मॉडेलची, त्या रात्री दोघंही चिडलेलो होतो, सबमिशन होतं, ती "बाबा प्लीज हळू" म्हणत होती, आणि ती ओळ सगळ्यात खोल आहे. चौरंगाच्या पायांवर जे पडलं होतं ते सगळं आता इकडे पडतं, मी काय वेळी कसा होतो ते सागावर. वाटलं होतं हळूहळू खुणा उथळ होत जातील. मधे तीन-चार महिने झाल्याही. सागाचं एक बरं आहे, जास्त दाब आला की तो कुरकुरतो, दांडी फिरवताना बारीकसा आवाज येतो आणि मग हात थांबतो. पण मागच्या महिन्यात ऑफिसातून वैतागून आलेल्या दिवशी परत एक खड्डा पडलाच, शेजारच्या खुणांच्या दुप्पट खोल.

परवा आई लाटणं घेऊन आली. पडून त्याला मधोमध एक खाच पडली होती आणि दर पोळीवर तिची रेघ उमटत होती. म्हणाली नवीन आणू नकोस, हे हाताला बसलंय, चाळीस वर्षांचं आहे. मी ते व्हीच्या आडव्या खाचेत ठेवलं, गोल वस्तू अशी तीन रेषांवर टेकते, दोन खाचेच्या आणि एक समोरच्या पट्टीची, फारसा जोर लागतच नाही. ती शेजारी उभी होती. दांडीला हात लावला तर म्हणाली, "हळू." बाकी काही नाही. दोन बोटांनी फिरवली. पॉलिश पेपर मारताना लाटणं एकदा किंचित फिरलं, मी पाव फेरा वाढवला, तेवढंच. खाच उतरेपर्यंत फिरवून फिरवून घासलं, नुसत्या ओल्या फडक्याने पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

तिने ते खिडकीपाशी नेलं. उजेडात धरून गोल फिरवलं, अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. पोळपाटाचा आवाज यायला लागला. मी वाइस उघडून पट्टीवर बघत होतो काही उमटलंय का, तेवढ्यात आतून हाक आली.

"रेघ गेली रे. आणि ती लिंबाच्या लोणच्याची बरणी आधी उघडून दे, काल तूच लावलंयस झाकण."